भरपाई कोणाच्या खिशातून?

एकाच्या चुकीमुळे दुसऱ्याला इजा झाली, तर भरपाईचा दावा कोणत्या नियमांनी चालायचा, हे अमेरिकेत बहुतेक वेळा वॉशिंग्टनची काँग्रेस ठरवत नाही. ते त्या त्या राज्याचे विधिमंडळ ठरवते. दावा किती वर्षांत लावायचा, हलगर्जीपणा कशाला म्हणायचे, जखमी माणसाचाही थोडा दोष असला तर रक्कम किती कापायची, ज्यूरीने कितीही आकडा सांगितला तरी हातात जास्तीत जास्त किती पडू द्यायचे, याचे उत्तर पन्नास राज्यांत पन्नास तऱ्हांचे आहे. गेल्या पाच दशकांत ही उत्तरे सतत बदलत आली. बहुतेक बदल डॉक्टर, रुग्णालये, उद्योग आणि त्यांच्या विमा कंपन्या यांच्या बाजूने झाले. काही थोडे उलट दिशेने. दोन्ही वेळा वाद रंगतो तो एकीकडे वकील आणि दुसरीकडे डॉक्टर व विमा कंपन्या यांच्यात. सरकारी तिजोरीवर काय बोजा येणार, हा प्रश्न बहुधा शेवटी निघतो किंवा निघतच नाही.

त्या बोज्याचा हिशेब समजायला भरपाईची रचना आधी पाहावी लागते. दिवाणी दाव्यात मिळणाऱ्या रकमेचे ढोबळमानाने तीन भाग असतात. पहिला आर्थिक नुकसानीचा: रुग्णालयाचे बिल, बुडालेला पगार, पुढच्या आयुष्यातली शुश्रूषा. दुसरा वेदना, अपंगत्व, हिरावलेले सुख यांचा, ज्याची पावती कुठेच मिळत नाही. तिसरा दंडात्मक, तो मुद्दाम किंवा बेपर्वाईने केलेल्या कृत्यासाठी असतो आणि क्वचितच मिळतो. अमेरिकेत दोन्ही पक्ष आपापल्या वकिलाचा खर्च स्वतः सोसतात, आणि जखमी माणसाचा वकील बहुधा जिंकल्यास हिस्सा या बोलीवर काम करतो. हा हिस्सा साधारण एक तृतीयांशाच्या आसपास असतो. दावा हरला तर वकिलाला काहीच मिळत नाही, वर तज्ज्ञ साक्षीदारांवर केलेला खर्चही अंगावर पडतो. त्यामुळे दावा घ्यायचा की नाही, हे तो न्यायाच्या तराजूइतकेच वहीतल्या बेरजेवरून ठरवतो. दुसऱ्या भागावर मर्यादा आली की ती बेरीज बिघडते. लहान मूल, निवृत्त माणूस, घर सांभाळणारी बाई यांचा पगार बुडालेला नसतो, म्हणून पहिला भाग तोकडा असतो. मर्यादेचा फटका सर्वांत आधी यांनाच बसतो.

या मर्यादांची सुरुवात १९७० च्या दशकातल्या विमा संकटातून झाली. वैद्यकीय हलगर्जीपणाच्या विम्याचे हप्ते एकाएकी चढले, काही कंपन्यांनी या धंद्यातून अंग काढून घेतले आणि १९७५ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी काम थांबवले. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले. त्यातून जो कायदा निघाला तो ‘मायक्रा’ या नावाने ओळखला जातो. वेदना आणि तत्सम नुकसानीसाठी अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा त्याने घातली, वकिलाच्या हिश्श्यालाही पायऱ्या लावल्या. महागाईनुसार मर्यादा वाढवण्याची तरतूद मात्र त्यात नव्हती. ती का राहिली याची कारणे काहीही असोत, परिणाम साधा होता: आकडा जागच्या जागी राहिला आणि दरवर्षी आतून झिजत गेला. २०२२ पर्यंत १९७५ च्या अडीच लाखांची बरोबरी करायला तेरा लाख डॉलरांच्या वर रक्कम लागली असती. २०१४ मध्ये मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव सार्वमतात पडला. अखेर २०२२ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. १ जानेवारी २०२३ पासून मर्यादा साडेतीन लाख झाली, मृत्यू झाल्यास पाच लाख. दहा वर्षांत ती अनुक्रमे साडेसात लाख आणि दहा लाखांपर्यंत चढेल व नंतर दरसाल दोन टक्क्यांनी वाढेल.

‘मायक्रा’ हा पुढच्या लाटांचा नमुना ठरला. जुलै २००२ मध्ये लास वेगासच्या सरकारी रुग्णालयाचे गंभीर अपघातग्रस्तांसाठीचे केंद्र दहा दिवस बंद पडले, कारण विम्याच्या हप्त्यांना कंटाळून शल्यविशारदांनी काम सोडले. केंद्र पुन्हा उघडताना योजलेला उपाय या प्रकरणाच्या दृष्टीने बोलका आहे. डॉक्टरांना तात्पुरते काउंटीचे, म्हणजे जिल्हा प्रशासनाचे, कर्मचारी ठरवण्यात आले, म्हणजे त्यांच्यावरच्या दाव्यांना सरकारी नोकरांसाठीची पन्नास हजार डॉलरची मर्यादा लागू झाली. पाठोपाठ नेवाडाच्या विधिमंडळाने साडेतीन लाखांची मर्यादा आणली. २००३ मध्ये टेक्ससने त्याहून कडक कायदा केला: डॉक्टरांविरुद्ध अडीच लाख, रुग्णालयांविरुद्ध वेगळे, सगळे मिळून साडेसात लाखांपलीकडे नाही. शिवाय आपत्कालीन उपचारांत निव्वळ हलगर्जीपणा पुरेसा नाही, जाणूनबुजून केलेली बेपर्वाई दाखवावी लागेल असे कलम घातले. हा कायदा न्यायालयात टिकावा म्हणून राज्यघटनाच दुरुस्त करण्यात आली. सप्टेंबर २००३ च्या सार्वमतात ती दुरुस्ती जेमतेम ५१ टक्क्यांनी मंजूर झाली.

आता खर्चाकडे. इजा झालेल्या माणसाची शुश्रूषा थांबत नाही. ज्यूरीचा आकडा कापला म्हणून व्हेंटिलेटर स्वस्त होत नाही. भरपाई तोकडी पडली की कुटुंब आधी स्वतःची शिल्लक संपवते आणि मग मेडिकेडकडे वळते. मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना. घरातली किंवा शुश्रूषागृहातली दीर्घकालीन देखभाल अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर हीच योजना उचलते. तिचा खर्च राज्य आणि केंद्र वाटून घेतात आणि केंद्राचा वाटा किमान निम्मा असतो, गरीब राज्यांत बराच जास्त. काम करण्याजोगा न राहिलेला माणूस केंद्राच्या अपंगत्व भत्त्यावर जातो आणि त्या भत्त्याचे चोवीस महिने झाले की वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेतही येतो. म्हणजे कायदा बदलते राज्य, विमा हप्त्यातली सवलत मिळते राज्यातल्या डॉक्टरांना, आणि बिलाचा मोठा वाटा जातो वॉशिंग्टनला, पर्यायाने पन्नासही राज्यांतल्या करदात्यांना. मर्यादा घालणाऱ्या विधिमंडळाला ती महाग वाटत नाही, त्याचे एक कारण हेच आहे.

हा बोजा सर्वांत उघड दिसतो तो एकूण भरपाईवरच मर्यादा घालणाऱ्या राज्यांत. इंडियाना, नेब्रास्का, व्हर्जिनिया या राज्यांनी वेदनेच्या रकमेपुरते न थांबता औषधोपचारांचा खर्चही मर्यादेत आणला. नेब्रास्कात प्रसूतीच्या वेळी मेंदूला गंभीर इजा झालेल्या एका बाळाच्या प्रकरणात ज्यूरीने १ कोटी ७० लाख डॉलर ठरवले. कायद्याने ते साडेसतरा लाखांवर आणले आणि २०१९ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने ती कपात वैध ठरवली. दहापैकी नऊ हिस्से गेले. त्या हिश्शांत वेदनेचे पैसे असतील तसे आयुष्यभराच्या उपचारांचेही होते. उपचार करावे लागणारच. फक्त त्यांचे पैसे देणारा प्रतिवादीचा विमा राहिला नाही.

सरकारने दिलेला पैसा परत मिळवण्याची सोयही कायद्यात आहे. मेडिकेडने शेवटी यायचे असते: दुसरा कोणी देणेकरी असेल तर आधी त्याने द्यावे आणि मेडिकेडने खर्च करून ठेवला असेल तर दाव्यातून आलेल्या रकमेतून राज्याने तो वसूल करावा, असे केंद्रीय कायदा सांगतो. पण वसूल करायला रकमेत काही असावे लागते. फ्लोरिडातल्या एका प्रकरणात हे गणित पैशापैशाने पाहता येते. २००८ मध्ये तेरा वर्षांची एक मुलगी शाळेच्या बसमधून उतरली आणि ट्रकखाली सापडली. ती कायमची बेशुद्धावस्थेत गेली. मेडिकेडने तिच्यावर ८,६२,६८८ डॉलर ७७ सेंट खर्च केले. पालकांनी केलेल्या दाव्यातल्या नुकसानीचा अंदाज दोन कोटींच्या वर होता. तडजोड झाली आठ लाखांवर, म्हणजे अंदाजाच्या सुमारे चार टक्के. पालकांचे म्हणणे असे की मेडिकेडलाही त्याच्या खर्चाच्या चारच टक्के मिळावेत, जवळपास ३५ हजार. फ्लोरिडाच्या सूत्राप्रमाणे आकडा वेगळा येत होता: एकूण रकमेतून वकिलापोटी २५ टक्के वजा करायचे आणि उरलेल्याच्या निम्मे राज्याचे. म्हणजे तीन लाख.

सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी राज्याची बाजू उचलून धरली आणि भविष्यातल्या उपचारांसाठी म्हणून मिळालेल्या रकमेतूनही राज्य आपला मागचा खर्च काढून घेऊ शकते असे ठरवले. २००६ मध्ये आर्कान्सॉच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने राज्याचा हात फक्त वैद्यकीय खर्चाच्या हिश्शापुरता मर्यादित केला होता. तिथे २,१५,००० च्या वर खर्च केलेल्या राज्याच्या पदरात साडेपस्तीस हजारच पडले. दोन्ही निकालांत राज्य आणि जखमी मुलगी एकाच अपुऱ्या रकमेवर भांडत होती. फ्लोरिडात राज्य जिंकले तरी मेडिकेडने खर्चलेल्या साडेआठ लाखांतले साडेपाच लाख गेलेच, आणि राज्याने नेलेल्या तीन लाखांमुळे मुलीच्या पुढच्या उपचारांसाठी उरलेली रक्कम आटली. ती संपली की मेडिकेडच पुन्हा दाराशी.

दावेच नकोत म्हणून काही राज्यांनी वेगळी वाट काढली. व्हर्जिनियाने १९८७ मध्ये आणि फ्लोरिडाने १९८८ मध्ये जन्मतः मेंदूला इजा झालेल्या बाळांसाठी भरपाई निधी उभारला. फ्लोरिडात योजनेत सहभागी झालेले प्रसूतितज्ज्ञ दरसाल पाच हजार डॉलर भरतात, इतर डॉक्टर अडीचशे, रुग्णालये दर जन्मामागे पन्नास. त्या बदल्यात पालकांचा दाव्याचा हक्क जातो आणि बाळाच्या आवश्यक उपचारांची जबाबदारी निधी घेतो. कागदावर योजना समंजस दिसते, आणि कोर्टातली वर्षानुवर्षांची ओढाताण पाहता तिच्यामागच्या विचाराला नावे ठेवता येत नाहीत. पण २०२१ मध्ये ‘मायामी हेराल्ड’ आणि ‘प्रोपब्लिका’ यांनी मिळून केलेल्या शोधात दिसले की निधीत सुमारे दीड अब्ज डॉलर साठले असताना पालकांना साध्या साध्या खर्चासाठी झगडावे लागत होते आणि आधी मेडिकेडकडे जायला सांगितले जात होते. मेडिकेड ही शेवटची देणेकरी हवी, तिला पहिली केले गेले, असा आरोप केंद्र सरकारच्या वतीने झालेल्या दाव्यात होता. २०२२ च्या अखेरीस निधीने ५ कोटी १० लाख डॉलर देऊन तो मिटवला. व्हर्जिनियाच्या निधीनेही २०१८ मध्ये अशाच आरोपावर २ कोटी डॉलरच्या वर रक्कम भरली होती. दोषाचा निवाडा कोणत्याही न्यायालयाने दिला नाही. तरी खासगी जबाबदारी सार्वजनिक योजनेवर कशी सरकते, याचे इतके लेखी उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

या सगळ्याविरुद्ध मर्यादांचे समर्थक एक मोठा मुद्दा मांडतात. दाव्याच्या भीतीने डॉक्टर गरजेपेक्षा जास्त तपासण्या करतात. भीती कमी केली तर या तपासण्या कमी होतील आणि मेडिकेड-मेडिकेअरचा पैसा उलट वाचेल. मुद्दा पोकळ नाही. डॅनियल केसलर आणि मार्क मॅक्लेलन यांनी १९९६ मध्ये हृदयविकाराच्या वृद्ध रुग्णांचा अभ्यास केला. दाव्यांवर थेट बंधने घालणाऱ्या राज्यांत रुग्णालयाचा खर्च पाच ते नऊ टक्क्यांनी कमी असल्याचे आणि रुग्णांचे नुकसान न झाल्याचे त्यांना आढळले. लष्करी रुग्णालयात उपचार घेणारे सेवेतले सैनिक सरकारवर दावा लावू शकत नाहीत. त्यांच्या नोंदींवरून मायकेल फ्रेक्स आणि जोनाथन ग्रूबर यांनीही सुमारे पाच टक्के बचत दाखवली. काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने २००९ मध्ये हिशेब मांडला की देशभर मर्यादा आणल्या तर आरोग्यावरचा एकूण खर्च अर्ध्या टक्क्याने उतरेल आणि दहा वर्षांत केंद्राची तूट ५४ अब्ज डॉलरने कमी होईल. वैद्यकीय दाव्यांच्या व्यवस्थेचा एकूण वार्षिक खर्च, त्यात भीतीपोटीच्या तपासण्याही धरून, २०१० मधल्या एका नामांकित अंदाजात ५५.६ अब्ज डॉलर होता. तो आरोग्यखर्चाच्या २.४ टक्के भरतो.

अर्धा टक्का लहान नाही. पण प्रचारसभांत सांगितला गेलेला आकडाही तो नव्हे. आणि टेक्ससने तर प्रत्यक्ष प्रयोगच करून दाखवला. २००३ नंतर तिथे दावे आणि भरपाई दोन्ही झपाट्याने घसरले. मेडिकेअरचा खर्च मात्र घसरला नाही; दाव्यांचा धोका आधी जास्त असलेल्या काउंट्यांतही तो इतरांपेक्षा मंद झाला नाही, असे म्युंगहो पाइक, बर्नार्ड ब्लॅक आणि डेव्हिड हायमन यांच्या २०१२ च्या अभ्यासातून दिसले. डॉक्टरांची आवक वाढल्याचा पुरावाही त्यांना मिळाला नाही. याच काळातला एक वृत्तांत फार गाजला. अतुल गावंडे हे बॉस्टनचे शल्यविशारद, वडील विदर्भातल्या उटी गावचे. जून २००९ मध्ये ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात त्यांनी टेक्ससच्या मॅकअॅलन शहरावर लिहिले. २००६ मध्ये तिथे मेडिकेअर दर रुग्णामागे सुमारे १५ हजार डॉलर खर्च करत होते, देशाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट. त्याच राज्यातल्या, तशाच वस्तीच्या एल पासोत हा खर्च निम्मा होता. जेवणाच्या टेबलावर जमलेल्या डॉक्टरांनी आधी दाव्यांच्या भीतीचे कारण पुढे केले. मग कायदा बदलल्यापासून दावे जवळजवळ थांबले आहेत हे त्यांच्यातल्याच एकाने मान्य केले. कारण दुसरीकडे होते: डॉक्टरांना मिळणारा मोबदला केलेल्या प्रत्येक कामागणिक मिळतो. भीती काढून घेतली तरी तो लोभ जागेवर राहतो.

शिवाय भरपाईचा धाक सैल झाला की चुका वाढतात का, हा प्रश्न उरतोच. २००३ ते २००५ दरम्यान मर्यादा आणलेल्या पाच राज्यांतल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या दुखापती हळूहळू वाढल्याचे झेनन झाबिन्स्की आणि ब्लॅक यांना दिसले. अशी प्रत्येक दुखापत म्हणजे आणखी उपचार, आणि वृद्धांच्या बाबतीत ते उपचार मेडिकेअरच्या खात्यावर. मात्र एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या अंगावर येते. न्यू यॉर्क राज्यातल्या १९८४ च्या तीस हजारांवर रुग्णालयीन नोंदी हार्वर्डच्या पथकाने तपासल्या. ३.७ टक्के दाखल रुग्णांना उपचारांतूनच इजा झालेली होती, त्यांतल्या एक चतुर्थांशाहून थोड्या जास्त इजा हलगर्जीपणाच्या होत्या आणि या हलगर्जीपणाच्या इजांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी इजांसाठी दावा झाला. म्हणजे वैद्यकीय चुकांचा बहुतेक खर्च कायदा बदलण्याआधीही कोर्टाबाहेरच होता. तो रुग्ण, त्यांचे आरोग्यविमे आणि सरकार उचलत होते. कायद्यातला बदल उरलेल्या छोट्या हिश्शाची वाटणी बदलतो. त्या हिश्शात गंभीर इजा झालेली माणसे असतात म्हणून रक्कम मोठी दिसते.

या बोज्याचा आकडा आधी का मांडला जात नाही? बहुतेक राज्यांत विधेयकासोबत आर्थिक टिपण जोडतात. न्यायाधीशांची पदे, कारकुनांचे तास, नव्या नोंदवहीचा खर्च त्यात बसवता येतो. दहा वर्षांनी मेडिकेडवर येणारा माणूस त्यात बसवणे कठीण. तडजोडी बहुतेक गोपनीय असतात, केंद्राचा वाटा राज्याच्या टिपणाचा विषय नसतो, आणि वकिलाने नाकारलेल्या दाव्याची नोंद तर कुठेच होत नाही.

कायदा बदलण्याच्या क्षणाचाही स्वतंत्र खर्च असतो. फ्लोरिडात २४ मार्च २०२३ रोजी गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी एका कायद्यावर सही केली. हलगर्जीपणाच्या दाव्याची मुदत त्याने चार वर्षांवरून दोनवर आणली आणि निम्म्याहून जास्त दोष स्वतःचा असलेल्याला काहीच मिळणार नाही असे ठरवले. सही होण्याआधी दावा लावून मोकळे व्हायचे म्हणून वकिलांची झुंबड उडाली. त्या एका महिन्यात राज्यात अडीच लाखांवर दिवाणी दावे दाखल झाले आणि ते निपटण्याचे काम न्यायालयांच्या गळ्यात पुढची कित्येक वर्षे पडले. टेक्ससमध्येही २००३ ची तारीख उलटण्याआधी अशीच घाई झाली होती. त्यातून कायदा टिकेलच याची शाश्वती नाही. इलिनॉय आणि जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयांनी २०१० मध्ये, मिझुरीच्या २०१२ मध्ये मर्यादा रद्द केल्या. विस्कॉन्सिनने २००५ मध्ये रद्द केली, नव्याने आलेली २०१८ मध्ये ग्राह्य धरली. विमा कंपनी या अनिश्चिततेची किंमत हप्त्यात घालते आणि सरकारी रुग्णालयांचे हप्तेही त्यातून सुटत नाहीत.

उलट दिशेचा बदल तिजोरीत पैसा आणूही शकतो. १९९४ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने मेडिकेडच्या वसुलीचा कायदा असा बदलला की सिगारेट कंपन्यांविरुद्ध राज्याला एकेका रुग्णाचे प्रकरण सिद्ध न करता आकडेवारीवरून दावा करता यावा, आणि धूम्रपान करणाऱ्याने धोका स्वतः पत्करला हा कंपन्यांचा नेहमीचा बचाव राज्याविरुद्ध चालू नये. अधिवेशनाच्या अखेरीस दुरुस्ती मंजूर झाली तेव्हा फार थोड्यांच्या ती लक्षात आली. नंतर विधिमंडळाने ती रद्द करायचा प्रयत्न केला तो गव्हर्नर लॉटन चाइल्स यांनी नकाराधिकाराने अडवला. १९९७ मध्ये कंपन्यांनी फ्लोरिडाला ११.३ अब्ज डॉलर कबूल केले. पुढच्या वर्षी ४६ राज्यांशी झालेल्या कराराचा अंदाज पंचवीस वर्षांत २०६ अब्जांचा होता. तो पैसा तंबाखूविरोधी कामाला किती गेला हा वेगळा आणि फारसा अभिमानाचा नसलेला विषय आहे; अनेक राज्यांनी तो सर्वसाधारण खर्चात जिरवला, काहींनी त्यावर रोखे विकले.

प्रतिवादी स्वतः सरकारच असेल तेव्हा मात्र दार उघडणाऱ्या कायद्याचे बिल थेट करदात्याच्या नावावर येते. लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचारांची जुनी, मुदत संपलेली प्रकरणे न्यायालयात आणता यावीत म्हणून गेल्या काही वर्षांत अनेक राज्यांनी कायदे केले. पीडित माणूस बोलायला तयार होईपर्यंत दशके जातात, हा त्यामागचा विचार रास्तच होता. न्यू यॉर्कने २०१९ मध्ये अशा दाव्यांसाठी खिडकी उघडली, ती दोन वर्षे राहिली आणि तिच्यात जवळपास अकरा हजार दावे आले. कॅलिफोर्नियाने २०१९ च्या कायद्याने १ जानेवारी २०२० पासून तीन वर्षे खिडकी ठेवली आणि सरकारी संस्थांविरुद्ध दाव्याआधी ठरावीक मुदतीत अर्ज देण्याची अटही काढून टाकली. चर्च आणि खासगी शाळा डोळ्यांसमोर असतील. दावे मोठ्या संख्येने आले ते काउंट्या आणि सरकारी शाळांवर. शालेय वित्तव्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या पथकाने जानेवारी २०२५ च्या अहवालात शाळा-जिल्ह्यांवरचा बोजा दोन ते तीन अब्ज डॉलर असल्याचे म्हटले. त्यांतल्या कित्येक शाळांकडे चाळीस वर्षांपूर्वीच्या विम्याचे कागदही शिल्लक नव्हते. तेव्हाची विमा कंपनी सापडली नाही की रक्कम आजच्या विद्यार्थ्यांसाठीच्या अंदाजपत्रकातून निघते.

सर्वांत मोठा आकडा लॉस एंजेलिस काउंटीचा. एल मॉन्टे इथले मॅक्लारेन बालगृह २००३ मध्ये बंद झाले. ते बालगृह, काउंटीची बालसुधारगृहे आणि पालनव्यवस्था यांतल्या अत्याचारांचे ६,८०० च्या वर दावे काउंटीने एप्रिल २०२५ मध्ये चार अब्ज डॉलरना मिटवले. पैसे राखीव गंगाजळी, रोखे आणि खात्यांच्या खर्चातली कपात यांतून उभे करायचे ठरले. परतफेडीचे हप्ते २०५०-५१ या आर्थिक वर्षापर्यंत चालतील. म्हणजे अत्याचार झाले तेव्हा जन्मलेही नव्हते असे करदाते ते फेडणार. त्याच वेळी हेही खरे की हा बोजा कायद्याने निर्माण केला नाही. मुलांवरचा अत्याचार तेव्हाच घडला होता आणि त्याची किंमत पीडितांनी आपल्या आयुष्यातून, अनेकांच्या बाबतीत मानसोपचार, व्यसनमुक्ती आणि तुरुंग या सरकारी खर्चाच्याच खात्यांतून, आधीपासून चुकवली होती. कायद्याने ती एका ठिकाणी, एका आकड्यात आणली.

मेरिलँडने हाच कायदा दोनदा लिहिला. २०२३ मध्ये तिथे अशा दाव्यांची मुदतच रद्द करण्यात आली आणि सरकारी संस्थांविरुद्ध प्रत्येक घटनेमागे ८,९०,००० डॉलरपर्यंत मर्यादा ठेवली. राज्याच्या बालसुधारगृहांत राहिलेल्यांचे दावे हजारांनी येऊ लागले आणि अंदाजपत्रकात आधीच तूट होती. २०२५ च्या अधिवेशनात विधिमंडळाने १ जूननंतर दाखल होणाऱ्या दाव्यांसाठी सरकारी संस्थांची मर्यादा चार लाखांवर आणली, खासगी संस्थांची पंधरा लाखांवरून सात लाखांवर, आणि मोजणी घटनेमागे न धरता माणसामागे केली. ३१ मेच्या आत दावा लावणाऱ्यांना जुने नियम, नंतर येणाऱ्यांना नवे. अपेक्षेप्रमाणे मे महिन्यात मेरिलँडच्या न्यायालयांत दाव्यांची रीघ लागली.